बावीस अमावास्या

आगाशी
६ ऑगस्ट २०२३

कौस्तुभ,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे. फोन केला नाही, कारण आता उजव्या कानानेही संप पुकारलाय. समोरचा काय बोलतो ते कळत नाही आणि मी आपली नुसती "हो हो" म्हणत राहते. आज जे विचारायचंय त्याला "हो हो" चालणार नाही.

तुझे सर जाऊन अडीच वर्षं होत आली. त्यांचा संगणक मी काढून टाकलेला नाही. दर रविवारी उघडून मेल बघते. आधी जाहिराती यायच्या. या वर्षी मात्र वेगळंच यायला लागलं आहे. "डॉ. श्रीपत चुरी, आपल्या नव्या शोधनिबंधाबद्दल अभिनंदन." "आमच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून यावं." काल आलेल्या मेलमध्ये लिहिलंय की या वर्षातला हा तुमचा चौथा निबंध, आणि सत्तावीस जणांनी त्यांच्या लेखनात तुमचा दाखला दिला आहे.

हयातीत यांनी एक निबंध लिहिला, तोही नऊ वर्षं घासूनपुसून. विरारच्या त्या कॉलेजात दर जूनला मूल्यमापनाचा फॉर्म यायचा. त्यात "प्रसिद्ध निबंध" या रकान्यात हे शून्य लिहायचे आणि पेन टोपण लावून ठेवून द्यायचे. एकदा तपासणीला आलेल्या समितीतल्या एकाने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "इतकी वर्षं काय केलंत मग?" त्या दिवशी घरी येऊन हे जेवले नाहीत, वाडीतल्या बावखलाच्या काठावर बसून राहिले. आणि आता मेल्यावर चार निबंध.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण कालपासून मागच्या पडवीत पाऊल टाकलं की वाटतं, हे वहीत डोकं खुपसून बसलेत आणि मी चहा दिला तर मान वर न करता घेतील. बरं वाटतं आणि भीतीही वाटते.

हा तुझाच उद्योग ना? तुझाच असू दे.

जयवंतीकाकू

---

विद्यापीठ वसाहत
१८ ऑगस्ट २०२३

काकू,

माझाच उद्योग. आधी सांगायला हवं होतं, चुकलो.

सरांचं तेरावं झाल्यावर तुम्ही त्यांच्या चौदा वह्यांच्या झेरॉक्स काढू दिल्यात, त्या इथे माझ्या कपाटात आहेत. विरारला बिल्डिंगीत वाढलेल्या मला बावखल म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. सरांनी पहिल्याच वर्षी काठावर उभं करून दाखवलं. वाडीत हाताने खणलेलं तळं, पावसात भरतं आणि वर्षभर शेजारच्या विहिरींना गोडं पाणी पाझरत राहतं, खाडीच्या खाऱ्या पाण्याला पुढे सरकू देत नाही. चार विहिरी आणि तीन बावखलं, दर अमावास्येला उधाणाच्या वेळी सात बाटल्या. तेवीस वर्षं. एवढं काम कपाटात कुजू देणं मला पाप वाटलं.

दुसरं कारणही सांगतो, तुमच्यापासून काय लपवायचं. इथे आता माणसाला कुणी "काय शोधलंस" विचारत नाही, "किती झाले" विचारतात. दर निबंधाला गुण, गुणांवर बढती, सगळ्यांच्या गुणांवर विभागाचा क्रमांक. आमच्या भिंतीवर तक्ता लावलाय, शाळेत प्रगतिपुस्तक असायचं तसा. त्यात दोन वर्षं मी शेवटून दुसरा होतो. सरांच्या कामाचा एक मोठा निबंध झाला असता. मी त्याचे चार केले. सगळेच करतात. चारही ठिकाणी सरांचं नाव पहिलं आहे, माझं दुसरं.

दिवंगत लेखकाच्या नावापुढे छोटी खूण घालायची पद्धत आहे. मी घातली नाही. हात वळला नाही.

एक मात्र विचारतो. निबंध छापण्याआधी नियतकालिक प्रत्येक लेखकाला मेल पाठवून होकार मागतं. पहिल्या वेळी हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आलं तेव्हा वाटलं, संपलं, आता सगळं अडकणार. दुसऱ्या दिवशी नियतकालिकाचा निरोप आला की डॉ. चुरींचा होकार मिळाला. चारही वेळा मिळाला. शेवटचा तर दहा मिनिटांत. माझ्या अंगावर काटा आला, काकू. तो कुणी दिला?

कौस्तुभ

---

आगाशी
२७ सप्टेंबर २०२३

कौस्तुभ,

गौरी-गणपतीच्या धावपळीत उत्तर राहिलं. होकाराचं नंतर सांगते, आधी माझं ऐक.

बाजारात जाऊन चारही निबंध छापून आणले. इंग्रजी मला जडच, पण आकड्यांना भाषा लागत नाही. यांच्या वह्या पुढ्यात घेऊन मी एकेक ओळ जुळवत गेले. सगळं बरोबर आहे. फक्त चवीचा रकाना तू गाळलास. क्षार मोजायचं मीटर बुडवायच्या आधी हे थेंबभर पाणी जिभेवर घ्यायचे आणि लिहायचे: गोड, मचूळ, खारट. म्हणायचे, मीटर बिघडतं, जीभ बिघडत नाही. जाऊ दे. त्याला गुण मिळत नसतील.

यांच्या वह्यांत अधूनमधून रिकामे रकाने आहेत ते तुला आठवत असतील. माझं ऑपरेशन झालं ती अमावास्या रिकामी. शांतारामभावोजी गेले ती रिकामी. दोन हजार पाचच्या पुरात वाडीत कमरेएवढं पाणी होतं, तीही. तू ते रकाने तसेच ठेवलेस, बरं वाटलं.

मग मी पुढे गेले. हे गेले ९ मार्च २०२१ ला. तुझ्या तक्त्यात पाणी मोजणं डिसेंबर २०२२ पर्यंत चालू आहे. बावीस अमावास्या, आणि त्यात एकही रकाना रिकामा नाही. कौस्तुभ, जिवंतपणी या माणसाच्या वर्षातून एक-दोन अमावास्या चुकायच्या. मेल्यावर एकही चुकली नाही.

तू येऊन गेलास का रे? मला न भेटता, परस्पर? तसं असेल तर मी रुसणार नाही. पण आषाढी अमावास्येला, ८ ऑगस्ट २०२१ ला दुपारी मी स्वतः चौथ्या विहिरीपाशी होते, शेजारच्या हरेशच्या वाडीत. तू दिसला नाहीस. दुसरं कुणीही दिसलं नाही.

काकू

---

विद्यापीठ वसाहत
१० ऑक्टोबर २०२३

काकू,

मी नव्हतो आलो. जितेश नावाचा माझा एक संशोधक विद्यार्थी होता, त्याला पाठवत होतो. शांत मुलगा आहे, कुणाशी बोलत नाही. तुमची वेळ चुकली असेल. निबंध तपासणाऱ्यांनी आकडे अलीकडचे हवेत म्हणून कळवलं होतं, त्यामुळे पुढचे महिने जोडावे लागले.

जानेवारीत माझी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे. सात वर्षं ती या ना त्या गुणासाठी अडकली होती. या वेळी आकडे पुरे आहेत. अनुष्का म्हणते, ऑर्डर हातात पडली की आधी आगाशीला जाऊन काकूंच्या पाया पडायचं. आम्ही दोघं येऊ.

होकाराचं तुम्ही लिहिलं नाहीत.

कौस्तुभ

---

आगाशी
१६ डिसेंबर २०२३

कौस्तुभ,

दोन महिने मी पेन हातात घेतलं नाही, कारण तुझ्या जितेशवर विश्वास ठेवायचा प्रयत्न करत होते. जमलं नाही. आगाशीत परका मुलगा बाटल्या घेऊन वाडीवाडीतून फिरला असता तर त्याला चार घरी चहा मिळाला असता आणि कुणाचा कोण ही चौकशी माझ्यापर्यंत आली असती. बावीस वेळा तर त्याचं लग्नही जमवलं असतं लोकांनी.

आता मी लपवलेलं सांगते. तेराव्यानंतर पहिली अमावास्या आली, तेव्हा मी सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. दुपारी भरतीच्या वेळी सात बाटल्या घेतल्या आणि निघाले. यांच्याबरोबर इतकी वर्षं पिशवी धरून हिंडले होते, कुठे वाकायचं ते पायांना माहीत होतं. तेव्हापासून चौतीस अमावास्या झाल्या. एक चुकली, ताप होता, तो रकाना रिकामा आहे. पंधरावी वही अर्धी भरली. कुणाला सांगितलं नाही, कारण हे काम नव्हतं, मला त्यांच्याबरोबर चालायचं होतं.

चौथ्या विहिरीचं पाणी पहिल्या वर्षीच मचूळ झालं. गेल्या उन्हाळ्यात खारट. मीटरचा आकडा तिपटीवर गेला आहे. पलीकडे बिल्डिंगींसाठी भराव झाला तेव्हापासूनचं हे. तुझ्या तक्त्यात ती विहीर अजून गोड आहे.

हे सगळं मी पोटात ठेवलं असतं रे. पण परवा हरेश आला. रस्ता आणि नव्या बिल्डिंगींसाठी तीन बावखलं बुजवायची आहेत, त्यावर १२ जानेवारीला हरकतींची सुनावणी आहे. कुणा सल्लागाराचा अहवाल लावलाय. त्यात लिहिलंय, बावखलं बुजवली तरी विहिरींना धोका नाही, पाणी २०२२ अखेरपर्यंत गोड आणि स्थिर आहे. खाली आधार दिलाय डॉ. श्रीपत चुरी यांचा. हरेशने कागद माझ्यापुढे ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "काकी, काकांनीच लिवलंय पानी गोड हाय म्हनून. मंग आमी काय बोलायचं?"

त्याच्या घरात प्यायचं पाणी आता विकत येतं. ज्या माणसाने तेवीस वर्षं त्याच्या विहिरीवर वाकून पाणी चाखलं, त्याच माणसाने आपल्याला बुडवलं असं त्याला वाटतंय. जिजावहिनीने, हरेशच्या आईने, माझ्याशी बोलणं टाकलंय. वाडीत यांच्या नावाला लोक बोटं मोडतात आणि मी ते ओठांच्या हालचालीवरून ओळखते, त्याला कान लागत नाहीत.

होकार मी दिला. चारही वेळा मीच. मेलमध्ये यांचं नाव होतं आणि खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही. आत काय लिहिलंय ते वाचलंही नाही. त्या फॉर्ममधलं शून्य आठवलं आणि "हो" दाबलं. वाटलं, मिळू दे एकदा यांना. शेवटच्या वेळी तर मी मेलची वाटच बघत बसले होते. तेव्हा तुझ्या एकट्याचं पाप नाही हे, माझा हात आहे त्यात.

पण ते सुधारणं तुझ्या हातात आहे. सुनावणीआधी दोन ओळी लिहून पाठव: डॉ. चुरी ९ मार्च २०२१ ला वारले, त्यानंतरचे आकडे कुणी मोजलेले नाहीत. बस. मुलाखत तुझी त्याच महिन्यात आहे हे मला माहीत आहे, आणि तरी मागतेय.

काकू

---

विद्यापीठ वसाहत
२७ जानेवारी २०२४

काकू,

तुमचं पत्र २१ डिसेंबरला मिळालं. मुलाखत १९ जानेवारीला होती. मी थांबलो.

स्वतःला सांगितलं, सरकारी सुनावण्या कधी वेळेवर होतात, पुढे ढकलली जाईल. १२ तारखेला सकाळी दोन ओळींचं पत्र टाइप केलं होतं. छापलंही होतं. ते खणात ठेवून मी व्याख्यान द्यायला गेलो. विषय होता संशोधनातली सचोटी. नव्या पीएचडीच्या मुलांना तो तास सक्तीचा आहे आणि त्याचेही मला गुण मिळतात.

जितेश नावाचा विद्यार्थी मला कधीच नव्हता. ते बावीस महिने मी दोन दुपारींत बसून तयार केले. मागच्या पाच वर्षांची सरासरी धरली, पावसाळ्यात थोडं कमी, उन्हाळ्यात थोडं जास्त. चौथी विहीर मी गोड ठेवली, कारण सरांच्या वहीत ती गोड होती. तेव्हा खोटं करतोय असं वाटलंच नाही. सर असते तर असंच काहीतरी आलं असतं, असं वाटलं. म्हणूनच ती खूण घातली नाही. खूण घातली असती तर बावीस वेळा विहिरीवर कोण गेलं, हे सांगावं लागलं असतं.

माझी निवड झाली. ऑर्डर २४ ला मिळाली. त्या आधी दोन दिवस, २२ ला, मी चारही नियतकालिकांना निबंध मागे घ्यायचं पत्र पाठवलं होतं, खरं कारण लिहून; प्रती सोबत जोडल्यात. सुनावणीनंतर दहा दिवसांनी. ही तारीख मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय. विद्यापीठाला कळेल तेव्हा कळेल, व्हायचं ते होईल.

इथे सगळे आता मला "सर" म्हणतात. कुणी मागून हाक मारली की मी बाजूला होतो, त्यांना वाट द्यायला. काल पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, आणि हाक मारणारी मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

तुमच्या पंधराव्या वहीवर नव्याने निबंध लिहावा असं मनात आहे. नाव तुमचं पहिलं. हे विचारायचा अधिकार मला नाही हे कळतं.

तिथे काय झालं ते कळवा. नाही कळवलंत तरी समजेन.

कौस्तुभ

---

आगाशी
४ जुलै २०२४

कौस्तुभ,

पाच महिने तुला उत्तर दिलं नाही. शिक्षा म्हणूनच दिलं नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

सुनावणीला मी गेले होते. हरेश मला घेऊन गेला, कारण काहीही झालं तरी म्हातारीला बसने पाठवणं त्याला पटेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हे माझे यजमान. ते वारले. मेलेला माणूस पाणी मोजायला जात नाही. त्यानंतर मी मोजलंय." आणि वही पुढे केली. साहेब चांगला होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. वही उलटीसुलटी केली, चवीच्या रकान्यावर थांबला, हसला नाही. मग मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "बाई, हे कुठे प्रसिद्ध झालंय का?" मी नाही म्हटलं. अहवालातल्या निबंधाला क्रमांक होता. माझ्या वहीला नव्हता. निबंध खोटा आहे असा तो लिहिणाऱ्याचाच एखादा कागद आहे का, असंही त्याने विचारलं. मी दाराकडे बघितलं. तू येशील असं मला तोवर खरोखर वाटत होतं.

मे महिन्यात दोन बावखलं बुजवली. तिसऱ्याचं काम तुझी माघारीची पत्रं हरेशने कचेरीत नेऊन दिल्यावर थांबलंय, किती दिवस ते माहीत नाही. गेलेल्या दोनांपैकी एक चौथ्या विहिरीचं. डंपर दिवसभर माती टाकत होते. मासे वर आले, ते जिजावहिनीने टोपलीत भरून कळंबच्या बाजूच्या तळ्यात नेऊन सोडले. परत येताना ती माझ्या ओट्यावर टेकली. बोलली नाही, पण टेकली.

गेल्या महिन्यात यांना चार मेल आले. निबंध मागे घेण्यास आपली संमती आहे का. पुन्हा तेच दोन चौकोन. मी सविस्तर उत्तर लिहिलं की ज्यांना विचारताय ते हयात नाहीत, मी त्यांची पत्नी. उलट मेल आला की चौकोन दाबल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मग यांच्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि चारदा "हो" दाबलं. या वेळी एकेक अक्षर वाचून.

काल इंटरनेटवर यांच्या निबंधांचं पान उघडलं. चारही निबंधांवर आडवा लाल शिक्का आहे. खाली आकडा आता एक दाखवतो, तो २०१२ चा. तेवढाच त्यांनी लिहिला होता. अभिनंदनाचे मेल थांबलेत. पडवीत आता कुणी नसतं. हे गेले तेव्हा रडायला मला माणसांनी वेळ दिला नव्हता, काल मिळाला.

तुझी चौकशी सुरू झाल्याचं आणि पद काढून घेतल्याचं अनुष्काने कळवलं. वाईट वाटलं. तरी तुझ्यावरचा राग गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी नवसही बोललेले नाही. पण हे मुलगा मानून ज्याला काठावर घेऊन गेले तो तूच एकटा होतास, आणि माझ्या मागे या वह्या ओळखणारंही दुसरं कुणी नाही. त्या टपालाने पाठवणार नाही. इथे येऊन न्यायच्या. माझं नाव घाल किंवा घालू नकोस, पण यांच्या नावापुढे ती खूण घालायची, चवीचा रकाना गाळायचा नाही, आणि रिकामे रकाने रिकामेच ठेवायचे.

उद्या अमावास्या आहे, भरती दुपारी. हे पत्र तुला मिळेल तोवर ती होऊन गेलेली असेल, तेव्हा पुढच्या अमावास्येला ये, ४ ऑगस्टला, रविवार आहे. पाणी आधी तू चाखायचंस, मग मीटर.

आत्ता बाटल्या धुवायला बसले होते. आता पाचच जागा उरल्यात. सात धुऊन झाल्यावर लक्षात आलं.

काकू